‘अर्धवट नाटक आणि तीन तासांचे पैसे’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आपल्या फौंड्रीत (लोखंड ओतकामाच्या कारखान्यात) आम्ही घेतलेल्या सुरक्षाविषयक नाट्यप्रशिक्षणाबद्दल एक तारा देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय आमच्या सर्व कलाकारांनी एकत्र बसून वाचला. आपल्याला व आपल्या वरिष्ठांना कार्यक्रमामुळे मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. माईकची खरखर, उकाडा आणि चहाला झालेला उशीर यांविषयी आपण लिहिलेले योग्यच आहे. (चहा आपल्याच कॅन्टीनचा होता, पण तो विषय इथे वाढवत नाही.)

एका वाक्याबाबत मात्र गप्प राहणे आम्हाला परवडणारे नाही. “तीन तासांचे पैसे घेतले, नटांनी जेमतेम वीस मिनिटांचे नाटक केले, तेही अर्धवट सोडले आणि उरलेला वेळ आमच्याच माणसांना उभे करून काम करवून घेतले,” असे आपण लिहिले आहे. हे वाचणाऱ्या कोणालाही आम्ही आपल्याला फसवले असेच वाटेल. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतले लोक आम्हाला बोलावण्याआधी हेच अभिप्राय वाचतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ते नाटक वीस मिनिटांचेच होते आणि त्याचा शेवट वाईटच होता. ते तसेच बसवलेले होते. ओलसर लॅडलमध्ये, म्हणजे रस वाहून ओतायच्या भांड्यात, सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमानाचा लोखंडाचा रस पडला की ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून माणसाच्या अंगावर येतो, हे आपल्याकडील प्रत्येक कामगाराला पाठ आहे. तसा फलकही ओतकामाच्या जागी लावलेला आहे. त्यात आम्ही नवे काही शिकवावे असे नव्हते. परंतु लॅडल पुरते तापलेले नाही हे डोळ्यांना दिसत असताना, ‘माल आजच गाडीत चढला पाहिजे’ म्हणून डोक्यावर उभ्या असलेल्या सुपरवायझरला ते सांगायचे कसे, याचा सराव फलक वाचून होत नाही. आमच्या प्रसंगातील कामगार गप्प राहतो आणि अपघात होतो. त्यानंतर तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आता प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून पुढे यायचे, त्या कामगाराची जागा घ्यायची आणि आपल्या परीने प्रसंग वळवून दाखवायचा.

ही पद्धत आम्ही शोधून काढलेली नाही. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी १९७० च्या दशकात ती रूढ केली आणि ती ‘फोरम थिएटर’ या नावाने जगभर ओळखली जाते. आपल्या देशात पश्चिम बंगालमधील, १९८५ मध्ये स्थापन झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यापाड्यांत त्या मार्गाने काम करत आली आहे. “खोट्या प्रसंगातून काय शिकणार?” असेही आपण विचारले आहे. डॉक्टरांच्या शिक्षणात रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांवर तपासणीचा सराव करण्याची प्रथा अमेरिकेत १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी सुरू केली आणि आज ती अनेक देशांत चालते. तिथे आजार खोटाच असतो, पण विद्यार्थ्याची भंबेरी खरी उडते.

आपण ज्यांना ‘बाकी वेळ रिकामे’ म्हटले आहे, त्या कलाकारांचे खरे कष्ट त्याच वेळात असतात. पाठ केलेले संवाद म्हणणे सोपे असते. समोर कोण येणार, काय बोलणार याची काहीच कल्पना नसताना सुपरवायझरची भूमिका न सोडता तितकाच दाब टिकवून धरायचा, येणाऱ्याला सहज जिंकू द्यायचे नाही आणि त्याचे हसेही होऊ द्यायचे नाही, हे आमच्या अनुभवी नटांनाही दमवते. सूत्रधार “नुसता उभा होता” हेही तसेच आहे. त्याने उत्तर सांगून टाकले, तर पुढे यायची तसदी कोण घेणार?

पहिला पाऊण तास कोणी तोंड उघडले नाही, ही आपली तक्रार खरी आहे. त्याचे कारणही आपल्याला ठाऊक आहे. अधिकारीवर्गाने मागे बसावे किंवा दुसऱ्या सत्रात यावे, अशी लेखी विनंती आम्ही कोटेशनच्या दुसऱ्या पानावर केली होती आणि आपण ती मान्यही केली होती. प्रत्यक्षात पुढची पूर्ण रांग साहेबांची होती, आणि आपण स्वतः त्या रांगेत बसून बराच वेळ फोनवर बोलत होता. आपल्या वार्षिक वेतनवाढीवर सही करणाऱ्याच्या नाकासमोर उभे राहून कोणता कामगार ‘थांबा’ म्हणेल? मालकाने पैसे द्यायचे आणि कामगाराने मोकळेपणाने बोलायचे, ही आमच्या धंद्यातली दोरीवरची कसरत आहे, हे आम्ही नाकारत नाही.

तरीही शेवटी फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करण्याच्या) विभागातील एक वयस्कर गृहस्थ उठले. त्यांनी आमच्या नटाच्या डोक्यावरचे हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर घातले, पट्टा नीट आवळला, आणि सुपरवायझर ओरडत असताना अगदी शांतपणे म्हणाले, “ओततो की साहेब. तेवढं लॅडल कोरडं आहे म्हणून कागदावर लिहून द्या, मग ओततो.” सुपरवायझर झालेल्या आमच्या नटाला काही सुचेना. सगळे कॅन्टीन हसले, आणि त्यानंतर एकामागून एक माणसे पुढे येऊ लागली. आपल्या अभिप्रायात याचीच नोंद “वरिष्ठांची जाहीर खिल्ली” अशी झाली आहे, याचे आम्हाला फार वाईट वाटले. त्या वाक्यात उर्मटपणा कुठे होता, हे आम्हाला अजून समजलेले नाही.

आता पैशांविषयी. आम्ही आकारलेल्या रकमेत केवळ ते तीन तास धरलेले नाहीत. त्याआधी आपल्याच परवानगीने आम्ही शॉप फ्लोअरवर पाळी बदलेपर्यंत थांबून कामगारांशी बोललो, त्यावरून प्रसंग लिहिला, तो आपल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना वाचून दाखवला आणि तालमी घेतल्या. आमचे नट दिवसा नोकरी करणारे आहेत. कामाच्या दिवशी ते बिनपगारी रजा टाकून येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागल्यापासून गावातील नाटकवाल्यांचे जे हाल झाले, ते आपणही कोल्हापूरकर असल्याने जाणताच. अशा काळात कारखान्यांच्या या कामावर काही घरांचा किराणा चालतो. आम्हाला कोणाची दया नको, परंतु केलेल्या कामाला ‘वेळ काढणे’ म्हटलेलेही सोसवत नाही.

आपल्या सूचनांचा आम्ही निश्चितच विचार करू. यापुढे कार्यक्रमापूर्वी स्वरूपाची अधिक स्पष्ट कल्पना देण्याचा, तसेच ध्वनिव्यवस्था व इतर बाबींत योग्य त्या सुधारणा करण्याचा आमचा प्रयत्न राहील.

उर्वरित रक्कम देण्यापूर्वी आपण तासांचा हिशेब मागितला होता, तो वर दिला आहे. मान्य केलेल्या कोटेशनची प्रत आणि बिलाची दुसरी प्रत आपल्या लेखा विभागाकडे आज पुन्हा पाठवली आहे.

आपला विश्वासू,
संचालक, कोल्हापूर