काय हुत नाही, दादा!

हे वाक्य गॅरेजमध्ये पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, त्याला शोधून माझ्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवावं आणि तासगाव ते मिरज दोन खेपा मारून आणावं. कमरेला पट्टा न बांधता.

माझी गाडी डबल कॅब, फोर बाय फोर. द्राक्षबाग आहे, त्यामुळे हौदात कधी खताची पोती, कधी औषधाचे कॅन, कधी क्रेट. आणि रविवारी याच गाडीतून घरच्यांना घेऊन लग्नकार्यं. घेतली तेव्हापासून तिचं नाक थोडं खाली आणि बूड थोडं वर. दोन वर्षं कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. मग मेहुणा आला. अंगणात उभा राहून, चहाचा कप हातात धरून म्हणाला, "दाजी, गाडी वाकून नमस्कार करतीया काय कुणाला?"

झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. मोबाइलवर जे बघेन त्यात नाक वर काढलेल्या गाड्या. 'लेव्हल' केलेल्या, म्हणजे नाक उचलून बुडाच्या बरोबरीला आणलेल्या. सगळ्या कशा पैलवानासारख्या छाती काढून उभ्या, आणि आमची म्हणजे उधारी मागायला आल्यासारखी.

अण्णा तेव्हाच म्हणाले होते. अण्णांनी 31 वर्षं एसटी चालवली. गाडीखाली न वाकता, नुसत्या आवाजावरून सांगतात कुठला बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेलाय ते. त्यांचं म्हणणं एवढंच: "रिकाम्या गाडीचं बूड वरच असतंय रे. माल भरला की बसतंय. उगं छेडू नगंस." पण आपलं वय असं असतं की मेहुण्याचं पटतं, बापाचं नाही.

हायवेला एक गॅरेज. गॅरेज कसलं, काळ्या भिंती, निळे दिवे, कॉफीचं मशीन, कोपऱ्यात बसायला टायरचे सोफे. तिथेच मी ओळखायला हवं होतं. ज्या गॅरेजात फरशी इतकी स्वच्छ, तिथे गाडीखाली कोण झोपतं? मालकाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकच प्रश्न विचारला: "किती इंच पाहिजे?"

किती इंच! साडी घ्यायला गेलोय का मी? गाडीत माल किती भरता, कधी भरता, पुढे लोखंडी बंपर लावलाय का, विंच आहे का, म्हातारी माणसं बसतात का, रस्ता कसला आहे, यातलं एक अक्षर नाही. टेप काढून मोजणं तर लांबच. मी विचारलं, राइड बिघडणार नाही ना? तर म्हणाला, "काय हुत नाही, दादा. फॅक्टरीसारखी राइड." साडेसहा हजार रुपये, तीन तास, दोन कॉफी.

आता यांनी काय केलं ते ऐका, कारण मलाही ते चार महिन्यांनी कळलं. या गाड्यांना पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकातच बसवलेले असतात आणि तो सगळा संच खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, टेकलेला असतो. मागे पाटे. यांनी स्प्रिंग आणि तिची वाटी यांच्या मधे 30 मिलिमीटरचा ठोकळा कोंबला. मालकाचा हिशोब असा की 3 सेंटिमीटरचा ठोकळा म्हणजे गाडी 3 सेंटिमीटर वर. अरे पण शॉकअप आर्मच्या टोकाला नाही, मधे कुठेतरी बसलाय! दाराला बिजागरीकडून मधोमध एक बोट ढकललं तर कडीकडची बाजू दोन बोटं सरकते, हे आमच्या तिसरीतल्या पोरीला कळतं. या असल्या गाड्यांना चाकापाशी उंची ठोकळ्याच्या जवळपास दुप्पट मिळते. माझी गाडी आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे 51 सेंटिमीटर होती आणि मागे 55. नंतर पुढे भरली 56.5. म्हणजे लेव्हल कसली, नाकच बुडापेक्षा वर! आणि हे मोजलं मी, घरी आल्यावर, बायकोच्या शिलाईच्या टेपने.

पहिल्याच स्पीडब्रेकरला 'टक्'. खाली आदळल्याचा नाही, वर ताणल्याचा आवाज. फोन केला तर म्हणे, "स्प्रिंग नवीन ठोकळ्यावर सेट व्हायला हजार किलोमीटर जात्यात." हजार गेले. दोन हजार गेले. टक् काही गेलं नाही. उलट त्यात सोबतीला एक 'करकर' आली.

अण्णांनी एका फेरीत सांगितलं. "माणूस उतरणीला लागला की गुडघा वाकवतो, पाय खाली सोडतो. हिनं गुडघा आधीच ताठ करून ठेवलाय. पाय सोडणार कुठनं?" इंजिनिअरने चार आकृत्या काढून सांगितलं असतं तरी याहून जास्त कळलं नसतं. आत कोंबलेल्या ठोकळ्याने स्प्रिंग आधीच दाबलेली, तिने शॉकअपचा दांडा बाहेर ढकललेला. गाडी नुसती उभी असतानाच दांडा जवळपास संपत आलेला. चाक खड्ड्यात उतरलं की दांडा टोकाला जाऊन टक्. लोक म्हणतात स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंग तीच आहे हो, तिला खाली यायला जागा ठेवली नाही!

आणि आपल्याकडे स्पीडब्रेकर म्हणजे काय असतात! रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था आहे ना, इंडियन रोड्स काँग्रेस, तिच्या कागदावर ताशी 25 किलोमीटरला ओलांडायचा उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असा गोलसर असतो. आमच्या गावात शाळेसमोरचा बघा. ट्रॉलीतून उसाची मोळी पडली आणि त्यावर कुणीतरी डांबर ओतलं, असा. असले घर ते मार्केट अकरा आहेत. अकरा वेळा टक्, येताना परत अकरा. आई पुढच्या सीटवर बसेना झाली. "मी एसटीनं येते," म्हणाली. ज्या बाईला एसटीत मळमळतं, ती.

थांबा, अजून आहे. हेडलाइट. नाक वर म्हणजे उजेडही वर. डॅशबोर्डवर ती 0 ते 3 आकड्यांची छोटी चकती असते ना, ती याचसाठी असते की मागे माल भरला, नाक वर गेलं, तर उजेड खाली घ्यावा. मी रिकामी गाडी 3 वर ठेवून चालवत होतो, तरी मिरज रस्त्याला समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारून माझ्या आईबहिणीची आठवण काढायचा. मग एका शनिवारी हौदात डीएपी खताची सहा पोती टाकली, 300 किलो. बूड चांगलं दीड इंच बसलं आणि नाक गेलं आभाळाला. बोनेटपुढचा रस्ता दिसेना. तेव्हा टाळक्यात उजेड पडला की कंपनीने नाक खाली का ठेवलं होतं. माल भरला की गाडी सरळ व्हावी म्हणून! रिकामी सरळ केली की भरलेली वाकडी होणारच. एवढं साधं. अण्णांनी एका वाक्यात सांगितलेलं.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तीनदा केली. तिसऱ्या वेळी मशीनवाल्या पोराने हात टेकले. "दादा, बोल्टाची अॅडजस्टमेंटच संपली. याच्यापुढं जात नाही." स्टेअरिंग वळवलं की आपोआप सरळ येईना, हायवेवर गाडी बैलगाडीसारखी इकडंतिकडं. पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने खाल्ले. एकाची किंमत बारा हजार. एक्सलचा बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी टोपण, फाटून आतलं काळं ग्रीस रिमवर सांडलं, कारण एक्सल सरळ असायचा तो आता सारखा तिरका फिरतोय. साडेसहा हजारात काय काय येतं बघा!

परत त्या काळ्या भिंतीत गेलो. मालक म्हणाला, "तुमच्या रस्त्यांचा प्रॉब्लेम आहे." माझ्या रस्त्यांचा! जसं काही मी सातबाऱ्यावर लावून घेतलेत.

शेवटी अण्णाच मिरजेला घेऊन गेले, एका जुन्या मिस्त्रीकडे. तिथे कॉफी नाही. पत्र्याचं शेड, तेलाने काळी माती. त्या माणसाने आधी टेप काढला. चारी चाकं मोजली, लिहून घेतली, मग विचारलं, "माल किती असतो? आठवड्यातनं किती वेळा?" मला तिथेच भरून आलं. खाली झोपला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "ह्यांनी आर्मचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळल्यात."

हे तर मला माहीतच नव्हतं. आर्मच्या बुशात रबर असतं. गाडी जॅकवर, चाक खाली लोंबतंय, अशा वेळी गनने बोल्ट आवळला की रबर त्या अवस्थेत धरून बसतं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं. मोलकरणीने पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं. करकर त्याची, अर्धा कडकपणा त्याचा, आणि वर्षभरात फाटणारही तेच. बोल्ट आधी नुसता लावायचा, चाकं जमिनीवर टेकवायची, गाडी चार वेळा दाबून बसू द्यायची, मग खाली शिरून आवळायचा. फार तर अर्धा तास जास्त. तो अर्धा तास कॉफीत गेला.

त्याने आतला ठोकळा काढून टाकला. बाहेर, संचाच्या डोक्यावर, 15 मिलिमीटरचा पातळ ठोकळा लावला. असल्या ठोकळ्याने स्प्रिंग दाबली जात नाही. पण तिथेही त्याने चाक पूर्ण खाली सोडून वरचा आर्म स्प्रिंगला घासतो का, बॉल जॉइंट अडतो का, एक्सल किती तिरका होतो, हे बॅटरी लावून बघितलं. गाडी पुढे पावणे तीन सेंटिमीटर वर आली. मागचं बूड अजून सव्वा सेंटिमीटर वर आहे, ते मुद्दाम ठेवलं. "पोत्यांसाठी," म्हणाला. अलाइनमेंट एका फेरीत बसली. हेडलाइटचा स्क्रू भिंतीसमोर गाडी उभी करून खाली घेतला. येताना आई पुढे बसली, आणि शाळेसमोरच्या त्या मोळीवर मी मुद्दाम वेग कमी केला नाही. ती बडीशेप चघळत राहिली.

खर्चाचं बोलूच नका. दोन टायर, बूट, दोन बुश, चार अलाइनमेंट, मजुरी. मेहुणा आता म्हणतो, "दाजी, मी नुसतं नमस्कार करतीया म्हटलं होतं. उचल कुठं म्हटलं?"

आणि ते काळ्या भिंतीवाले? त्यांना जुने ठोकळे परत घ्या म्हणून फोन केला, तर म्हणे वापरलेला माल परत होत नाही. वापरलेला! माझ्या आईच्या कमरेने वापरलाय तो. वर त्यांच्या पानावर माझ्या गाडीचा फोटो अजून तसाच आहे, बसवल्या दिवशीचा. नाक वर, निळा दिवा, खाली लिहिलंय 'फॅक्टरीसारखी राइड'. काल बघितलं तर अडीचशे लाइक. त्यातला एक मेहुण्याचा.