हमासच्या आधीचं पॅलेस्टाइन
पॅलेस्टाइनची बाजू घेणारा हमासचाच, हे लेखातलं समीकरण पटलं नाही. लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले १९४८ मध्ये, इस्रायल स्थापन होताना; हमास ही इस्लामी सशस्त्र संघटना जन्मली १९८७ मध्ये. जॉर्ज हबाश, हनान अशरावी हे पॅलेस्टिनी नेते तर ख्रिस्ती. त्यांनी कुठला जिहाद केला? हमासने इस्रायलमध्ये केलेलं ७ ऑक्टोबर २०२३ चं हत्याकांड निषेधार्हच, तिथे 'पण' नको. मात्र धर्मांधांची गणती करायची तर पुरी करा. १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालणारा गोल्डस्टीन आणि १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून करणारा अमीर, दोघेही कडवे ज्यू. हमासच्या आत्मघाती स्फोटांनीही इस्रायल-पॅलेस्टिनी शांततेच्या ऑस्लो कराराचा गळा तितकाच घोटला. आणि वेस्ट बँक या इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी भागात हमासची सत्ता नसताना तिथे इस्रायली वसाहती का वाढतात, हेही लेखकाने सांगावं.