सोय गेली? पेढे वाटा!

सकाळी मोबाइल उघडलात आणि रोजची सोय जागेवर नाही, तर लगेच आरडाओरडा करू नका. आधी पडद्यावरची ओळ वाचा: ‘आम्ही तुमच्यासाठी ॲप अधिक सोपं केलं आहे.’ तुमच्यासाठी! घरच्यांनी तरी तुमचा इतका विचार केलाय का कधी?

मग सेटिंगमध्ये शोधा. सापडणार नाहीच, पण बोटांना व्यायाम.

भाच्याला विचारू नका. तो म्हणतो, "मामा, फुकटात अजून काय पाहिजे?" आणि मिसळ मात्र मामाच्या पैशाने खातो.

परंपरेची जाण ठेवा. ब्लॉग-बातम्या एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं, गप्पांचा अड्डा ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजचे नवे फोटोही फुकटच्या १५ जीबी जागेच्या हिशेबात धरू लागले. तेव्हा लोक रडत होते आणि मी गालात हसत होतो, कारण माझ्या फोटोंचं बिऱ्हाड दुसऱ्याच एका फुकट दुकानात होतं. ते हसू परवाच्या मंगळवारी फिटलं.

फोल्डर गेले हो माझे. नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की मी घाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीचा फोटो काढतो; पूर किती, ते आम्ही त्याच्या अंगावरच्या पाण्यावरून मोजतो. २००८ चा आहे, २०१६ चा आहे, २०१९ चा आहे. फोल्डरची नावं मी दिलेली: ‘गुडघा’, ‘कंबर’, ‘छाती’, आणि पाणी पार बाजारात शिरलं की ‘भांडीबाजार’. फोटोखाली त्या दिवशी गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, तेही लिहिलेलं. आता सगळा एकच काला. यंत्र म्हणे आपणहून फोटो लावतं. कसे लावले? दुतोंड्या बुडालेला, टपऱ्या वाहून चाललेल्या, आणि वर मथळा: ‘समुद्रकिनाऱ्यावरची धमाल’. खाली गिटार वाजतेय! नाशिकला समुद्रकिनारा! त्याच धमालीत मध्येच माझं लाइटबिल.

तक्रार करायचीच असेल तर पाच चांदण्या देऊन करा. एक चांदणी दिली की ‘आम्हाला वाईट वाटलं’ असं उत्तर येतं, पाच दिल्या की तेही येत नाही. म्हणजे त्यांना वाईट वाटण्याचा त्रास वाचतो.

नाहीतर सगळं उतरवून घ्या. मीही घेतलं. अकरा झिप फायली आल्या. आत ‘छाती’ नाही, ‘कंबर’ नाही, नुसते आकडे.

आणि कृतज्ञ राहा, फुकट आहे ना...

फुकट? कसलं फुकट? बारा वर्षं तुमच्या जाहिराती कोणी पाहिल्या? ‘ही तीच व्यक्ती आहे का?’ असं तुमचं यंत्र दर चार दिवसांनी विचारायचं, तेव्हा माझ्या मावशीला आणि आत्याला वेगळं करून त्याला कोणी शिकवलं? त्याची मजुरी कुठे लावलीत? सोय काढायची तर काढा, दुकान तुमचं आहे. पण महिनाभर आधी सांगायला काय झालं होतं? घाटावरचा फुलवालासुद्धा टपरी हलवताना शेजाऱ्याला सांगून जातो. मी लिहिलेली नावं माझी होती, ती पुसायचा तुम्हाला काय अधिकार? याला सोपं करणं म्हणत नाहीत, याला बेफिकिरी म्हणतात. नावं परत द्या, मुकाट्याने.

आणि ती गिटार बंद करा आधी.