टाळ्या वाजवा, पण काम काय होते ते तरी विचारा

पुण्यातील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत मी नोकरी करतो. तेथे माझे कौतुक इतक्या नियमितपणे, इतक्या ठोकळेबाज मजकुरात आणि इतक्या बेफिकिरीने होते, की हल्ली त्या कौतुकाचाच संताप येऊ लागला आहे. ‘आपल्या अथक परिश्रमांमुळे हा टप्पा यशस्वीरीत्या पार पडला’ असे जे पत्र मला ईमेलने आले, ते शब्दशः तसेच त्या संपूर्ण काळात बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका सहकारी बाईंनाही आले. पत्राखाली ज्या साहेबांची सही होती त्यांना आमच्या गटात माणसे किती आणि कामावर कोण होते हेही ठाऊक नव्हते. टप्पा नेमका कोणता, हे पत्रात लिहिलेले नव्हते. बहुधा लिहिणाऱ्यालाही ते सांगता आले नसते.

आमच्या गटाचे काम देखभालीचे आहे. परदेशी ग्राहकाची बिले तयार करणारी यंत्रणा रात्री आपोआप चालते, महिनाअखेरीस तिच्यावर प्रचंड ताण येतो आणि ती बंद पडू नये हे पाहणे, एवढेच आमच्याकडून अपेक्षित असते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने महिनाअखेरीच्या आधीच लॉग, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदी, चाळताना एक बिघाड हेरला, ग्राहकाची परवानगी मिळवून तो दुरुस्त केला आणि बिले वेळेवर गेली. काहीच बिघडले नाही, म्हणून कोणाला काही कळलेही नाही. त्याच तिमाहीत दुसऱ्या एका गटाने पुरेशी चाचणी न करता नवी आवृत्ती प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील यंत्रणेवर, टाकली, यंत्रणा कोसळली, मंडळी रात्रभर जागली, दर तासाला वरिष्ठांना ईमेल गेले आणि अखेरीस टाउन हॉलमध्ये, म्हणजे कंपनीच्या सभेत, त्यांना मंचावर बोलावून ढाल देण्यात आली. आग लावणाऱ्यानेच बंब चालवला म्हणून त्याचा सत्कार करण्याची ही रीत आहे, आणि सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या लोकांना हे व्यवस्थित माहीत होते. ज्येष्ठ सहकाऱ्याने मात्र त्या बिघाडाचे टिकिट, म्हणजे संगणकावरील कामाची नोंद, शांतपणे बंद केले होते. ते आजवर कोणी उघडून पाहिले असेल असे मला वाटत नाही.

आता यावर कंपनीने उपाय म्हणून एक ॲप आणले आहे. प्रत्येक व्यवस्थापकाला दर तिमाहीला वाटण्यासाठी ठरावीक पॉइंट्स मिळतात आणि न वाटलेले पॉइंट्स तिमाही संपताच रद्द होतात. परिणामी मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर कौतुकाचा नुसता पाऊस पडतो. कोणाला ‘संघभावना’ हा बॅज मिळतो, कोणाला ‘नवोन्मेष’, आणि ज्याच्याविषयी काहीच सुचत नाही त्याला ‘सदैव हसतमुख’. व्यवस्थापक तरी काय करणार, त्याच्या स्वतःच्या मूल्यमापनात ‘किती जणांची दखल घेतली’ हा रकाना आहे आणि तो रकाना भरणे हेच त्याचे काम होऊन बसले आहे. दरम्यान हुशार मंडळींनी आपसात ठरवून एकमेकांना पॉइंट्स देण्याची साखळी सुरू केली असून यादीत सर्वांत वर तीच नावे झळकतात. साठलेल्या पॉइंट्सचे व्हाउचर करून घ्यायला गेलो तर यादीत बाजारभावापेक्षा महाग लावलेले इअरफोन आणि पाण्याच्या बाटल्या. मी मागितली होती कॉम्प-ऑफ, म्हणजे शनिवारी-रविवारी केलेल्या कामाच्या बदल्यात रीतसर सुटी. ती मागताच ‘सध्या रिलीज आहे, नंतर पाहू’ असे उत्तर मिळाले आणि मुदत संपली म्हणून ती सुटीही बुडाली.

शुक्रवारच्या तांबोल्याविषयी आणि ‘पारंपरिक वेशभूषा दिना’विषयी मी काही लिहीत नाही; ज्यांना आवडते त्यांनी खुशाल खेळावे, पण ग्राहकाचा कॉल चालू असताना मला हात धरून ओढून नेऊ नये.

मनुष्यबळ विभागाच्या प्रशिक्षणात आम्हाला दरवर्षी फ्रेडरिक हर्झबर्ग हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सांगितला जातो. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पिट्सबर्ग परिसरातील अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या त्याच्या अभ्यासातून हे लोक एवढेच उचलतात, की पैशाने माणूस कामाला प्रवृत्त होत नाही, कौतुकाने होतो. पगारवाढीच्या तोंडावर हे ऐकवण्यामागचा हेतू न कळण्याइतके आम्ही बाळबोध नाही. त्याच हर्झबर्गने असेही सांगितले आहे, की पगार, कंपनीची धोरणे आणि वरिष्ठांची देखरेख वाईट असेल तर असमाधान तेथूनच निर्माण होते. शिवाय त्याने ज्या कौतुकाची नोंद केली ते बहुतांशी प्रत्यक्ष पार पाडलेल्या कामगिरीला धरून आलेले होते. ही उरलेली अर्धी स्लाइड प्रशिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये कधीच नसते.

हाच प्रकार सर्वेक्षणाचा. गॅलप या अमेरिकी संस्थेची बारा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि आमच्याकडील प्रश्नावलीही तिच्याच धर्तीवर बेतलेली आहे. गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुमचे कौतुक झाले का, हा गॅलपच्या यादीतील चौथा प्रश्न. पहिला प्रश्न, आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. आणि दुसरा, काम नीट करण्यासाठी लागणारी साधनसामग्री तुमच्यापाशी आहे का. आमच्या वरिष्ठांनी थेट चौथ्यावर उडी मारली. चाचणीसाठी स्वतंत्र सर्व्हर मिळावा ही आमची मागणी मंजुरीच्या फेऱ्यांत अडकून पडली आहे आणि प्राधान्यक्रम सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा असतो, पण सात दिवसांत कौतुक झालेच पाहिजे म्हणून दर सोमवारी ॲपमधून आठवण येते. वर हे सर्वेक्षण म्हणे निनावी. त्यात विभाग, शहर, वयोगट, लिंग आणि सेवेची वर्षे भरून घेतल्यावर आमच्या मजल्यावर त्या वर्णनाचा एकच माणूस उरतो. मागच्या वेळी ज्यांनी मोकळेपणाने लिहिले त्यांना ‘जरा बोलायचे होते’ म्हणून बोलावून घेण्यात आले. त्यानंतर सर्वांनी सगळ्या प्रश्नांना पाचपैकी चार गुण दिले आणि कर्मचारी समाधानी असल्याचा आलेख भिंतीवर लागला.

या साऱ्यावर कडी करतो तो अप्रेझलचा, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचा, बेल कर्व्ह: प्रत्येक श्रेणीत किती जण बसवायचे हे आधीच ठरलेले असते. अकरा महिने बॅजांचा वर्षाव झेललेल्या माणसाला बाराव्या महिन्यात सांगितले जाते, की तुझे काम उत्तम आहे, पण वरच्या श्रेणीतील जागा भरल्या. माणसांची अशी सक्तीची प्रतवारी जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत गाजली, वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि खालचे दहा. मायक्रोसॉफ्टने अशी पद्धत २०१३ मध्ये बंद केली. आमच्याकडे ती सुखेनैव नांदते आहे आणि वर्षभराच्या बॅजांना त्या बैठकीत कवडीची किंमत नसते. मी एकदा विचारले, तेव्हा ‘ते एंगेजमेंटसाठी आहे, रेटिंगसाठी नाही’, म्हणजे मन कामात गुंतवण्यासाठी आहे, श्रेणी देण्यासाठी नाही, असे उत्तर मिळाले. निदान खरे बोलले.

ज्या हाउसकीपिंगच्या मावशी आमच्याही आधी येऊन मजला झाडतात, जे कॅबचालक रात्रपाळीच्या मुलींना दारापर्यंत सोडतात, ते कंत्राटी असल्याने ॲपमध्ये नाहीत, टाउन हॉलमध्ये नाहीत आणि दिवाळीच्या खोक्याच्या यादीतही नाहीत. ‘आपण सारे एक परिवार’ ही भिंतीवरची अक्षरे मात्र मावशींनाच रोज पुसावी लागतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या अनेक कारखान्यांत कायझेनचा, म्हणजे कामात सतत लहानलहान सुधारणा करण्याच्या जपानी पद्धतीचा, फलक असतो. त्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे, काय बदलले आणि काय वाचले याची नोंद आणि सुधारणा सुचवणाऱ्या कामगाराचे नाव असते. कारखान्यांत सारे आलबेल आहे असा माझा दावा नाही, पण तो फलक लिहिणाऱ्याला निदान यंत्रापाशी उभे राहून काय बदलले ते पाहावे लागते. आमच्याकडे तेवढेही कष्ट नकोत म्हणून आता नवा नियम निघाला आहे: पुरस्कारासाठी प्रत्येकाने स्वतःचे नामांकन स्वतःच भरायचे, आपण किती प्रेरणादायी आहोत ते तीनशे शब्दांत लिहायचे आणि व्यवस्थापकाने त्यावर फक्त ‘मंजूर’चे बटण दाबायचे. या तिमाहीचा तो अर्ज मी भरलेला नाही आणि भरणारही नाही. ज्या साहेबांना आमच्या गटाने काय केले हे जाणून घ्यायचे असेल त्यांनी टिकिटांची यादी उघडावी. ती त्यांच्या लॉगिनमध्येही दिसते.