‘सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल टाका, कुणाला कळत नाही’: कळतं, बाबांनो

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. एक लांबलचक फॉरवर्ड आणि त्याखाली त्याचं एकच वाक्य: "मामा, हे खरं आहे ना? शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय." गाडी घेऊन त्याला सात महिने झालेत. टर्बो डिझेल, वॉरंटीची दोन वर्षं अजून शिल्लक. हे फॉरवर्ड मला आधी तीन ग्रुपांवर येऊन गेलं होतं, मी वाचून सोडून दिलं होतं. आता ते घरात शिरलंय, म्हणून बसलो लिहायला.

फॉरवर्डचा दावा थोडक्यात असा. इंजिनाचं रिमॅपिंग केलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणून कंपनी वॉरंटी रद्द करूच शकत नाही, तसा कायदाच आहे. कंपनी मुद्दाम इंजिनाची ताकद दाबून ठेवते, हा बदल करून देणारा ट्यूनर फक्त ती मोकळी करतो. ताकद वाढते आणि वर मायलेजही वाढतं. सर्व्हिसला जाण्याआधी मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे स्टॉक फाइल, परत टाकायचं किंवा ट्यूनिंग बॉक्स (सॉफ्टवेअर न बदलता ताकद वाढवणारा, बाहेरून जोडायचा डबा) काढून ठेवायचा, कुणाच्या बापाला कळत नाही. आणि तरीही काही झालंच तर ट्यूनर स्वतःची वॉरंटी देतोच.

मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये वॉरंटी क्लेमच्या टेबलावर काढली आहेत. आणि मॉडिफिकेशनशी माझं काही वैर नाही. माझी स्वतःची जुनी गाडी रिमॅप केलेली आहे. वॉरंटी संपल्यावर, आणि क्लचचे पैसे बाजूला काढून ठेवल्यावर.

आधी तो ‘कायदा’. फॉरवर्डमध्ये कायद्याचं नाव नाही, देशाचं तर नाहीच. पण ज्यांनी हे मूळ इंग्रजीत वाचलंय त्यांना माहीत आहे की हा अमेरिकेचा १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. तो अमेरिकेत लागू होतो. दुसऱ्या देशात गाडी चालवणाऱ्याने त्याच्या भरवशावर इंजिन उघडणं म्हणजे शेजाऱ्याच्या विम्यावर स्वतःचं घर पेटवणं. बरं, अमेरिकेत तरी तो तसं म्हणतो का? नाही. कायदा म्हणतो की आमचंच तेल, आमचाच फिल्टर, आमच्याकडूनच सर्व्हिस, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. ते फुकट दिलं तर गोष्ट वेगळी. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांसाठी याचा अर्थ सोप्या भाषेत सांगितलाय: बाहेरचा पार्ट बसवला एवढ्यावरून वॉरंटी जात नाही, पण त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवलं तर तेवढ्या बिघाडाचा खर्च ती नाकारू शकते. फॉरवर्डवाल्याने या वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा गिळला.

आता नाइलाजाने कबूल करतो, या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. रिमॅप केलं की ‘वॉरंटी गेली’ हे सरसकट वाक्यही चूकच. सॉफ्टवेअर बदललं म्हणून खिडकीची मोटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर नाकारणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दिसला तर त्याच्याशी जरूर भांडा, लेखी कारण मागा. मी स्वतः असले क्लेम वरच्या ऑफिसशी वाद घालून पास करून घेतलेत. कंपन्या धुतल्या तांदळाच्या नाहीत. ‘हे सील काढलं तर वॉरंटी रद्द’ छापाच्या भाषेबद्दल याच कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती, आणि त्यांत गाड्या विकणारेही होते. पण खिडकीची मोटर वेगळी आणि पिस्टन वेगळा. रिमॅपिंगने तुम्ही ज्याला हात घालता ते नेमकं इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स. म्हणजे महागातलं महाग.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ‘स्टॉक फाइल टाका, कुणाला कळत नाही.’ भाच्याचा खरा भरवसा याच ओळीवर होता, कायद्यावर नव्हे.

एक गाडी सांगतो. टोचन करून आणलेली, तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन शून्य. मालक हाताची घडी घालून उभा, "गाडीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही." स्कॅनर लावला. सॉफ्टवेअर अगदी मूळचं, आवृत्तीही बरोबर. फॉल्ट कोड एकही नाही. हीच पहिली खटकणारी गोष्ट: इंजिन मेलंय आणि गाडीला काही तक्रारच नाही? मग ओबीडीमध्ये, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेत, असतो तो साधा आकडा पाहिला, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. अकरा किलोमीटर. पुढे ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रामिंग काउंटर पाहिला. त्या ईसीयूत किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं याची तो मोजणी ठेवतो. आकडा होता चार. आमच्या नोंदीत त्या गाडीला अधिकृत अपडेट एकदाच दिलेलं. उरलेल्या तीन वेळा कोणी लिहिलं? हेड उतरवलं तेव्हा पिस्टनच्या कडेचा नखाएवढा तुकडा वितळून गेलेला, आणि त्या धातूचे बारीक मणी व्हॉल्व्हला चिकटलेले. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि पिस्टनच्या मिश्रधातूची ताकद त्याच्या बऱ्याच आधी ढासळायला लागते. डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन जास्त ओतलं की ज्वलनाची उष्णता तिथे जाऊन बसते. मालकाने हाताची घडी सोडली. पुढचं बोलणं बरंच हळू आवाजात झालं.

स्टॉक फाइल टाकून सॉफ्टवेअर मूळचं दिसतं, हे खरंय. ओबीडीत सीव्हीएन नावाचा एक आकडा असतो, ईसीयू तो आपल्याच सॉफ्टवेअरवरून काढतं. मूळ फाइल नीट परत टाकली तर तोही जुळतो. पण फाइल परत टाकल्याने काउंटर मागे जात नाही. आधीच्या एखाद्या भेटीत कंपनीच्या सर्व्हरवर गेलेली माहिती परत येत नाही. पाच हजार किलोमीटर जास्त टॉर्क (फिरवण्याचं बळ) झेललेली क्लच प्लेट पुन्हा नवी होत नाही. फोक्सवॅगन-ऑडीवाल्यांना ‘टीडी-वन’ हा शब्द विचारून बघा: बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या ओळख क्रमांकावर (व्हीआयएन) तो शिक्का बसतो, मग कोणत्याही अधिकृत डीलरच्या पडद्यावर दिसतो. जनरल मोटर्सने तर डीलरांना लेखी सूचनाच दिलेली आहे, ठरावीक इंजिनांच्या मोठ्या क्लेममध्ये सीव्हीएनचा पडद्यावरचा फोटो काढून जोडायचा.

‘माझ्या मित्राचं नाही कळलं’ म्हणणारेही खरंच बोलत असतात. तेलबदलीला आलेल्या गाडीचा काउंटर कोण बघत बसतो? कोणी नाही. ब्रेक पॅडच्या वेळीही नाही. स्वस्त क्लेमला कोणी डोकावत नाही. अख्खं इंजिन मागितलं की मात्र वरून माणूस येतो, लॅपटॉप घेऊन. म्हणजे ही युक्ती गरज नसते तोवरच चालते.

ट्यूनिंग बॉक्सवाल्यांना वाटतं आपण शहाणे, ईसीयूला हातच लावला नाही. हा बॉक्स काय करतो? रेल प्रेशर (इंधनाचा दाब) किंवा बूस्टच्या (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब) सेन्सरचा सिग्नल मध्येच अडवतो आणि ईसीयूला खोटंच सांगतो की दाब कमी आहे. ईसीयू बिचारं दाब वाढवतं. बॉक्स काढला की वायरिंगमध्ये काही उरत नाही, मान्य. पण बिघडलेल्या क्षणाची जी नोंद फ्रीझ फ्रेममध्ये राहते, तिच्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि अनुभवी माणसाला ते पटकन दिसतं. कनेक्टरच्या लॉकवर ओरखडे असतात ते वेगळंच.

मायलेजचा मुद्दा याच बॉक्समुळे पसरलाय, आणि तो मला सगळ्यांत हास्यास्पद वाटतो. लोक पुरावा म्हणून मीटरचा फोटो टाकतात. अरे, मीटरवरचं मायलेज टाकीतून मोजलेलं नसतं. इंजेक्टरमधून किती डिझेल गेलं याचा ईसीयूने केलेला हिशेब असतो तो. तुम्ही त्याला दाब कमी असल्याचं खोटं सांगितलं, म्हणून त्याने डिझेलही कमी धरलं, आणि पडद्यावर मायलेज वाढलं. ज्याला फसवलं त्याचीच साक्ष काढायची! टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा काठोकाठ भरून मोजा. खालच्या आरपीएमला टॉर्क वाढल्याने हलक्या पायाने चालवणाऱ्याला थोडासा फायदा होऊ शकतो, नाही असं नाही. पण हलक्या पायाचा माणूस रिमॅप करायला जातोच कशाला?

‘कंपनी ताकद दाबून ठेवते’ यात पुन्हा अर्धं सत्य. एकच इंजिन दोन-तीन ताकदींत विकतात, हे उघड आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या, ७५ आणि ९० पीएस. पण ९० वाल्याला व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो (पाती हलवून दाब कमी-जास्त करणारा) आणि ७५ वाल्याला साधा. नुसत्या सॉफ्टवेअरचा खेळ नव्हता तो. आणि जी जागा खरंच राखून ठेवलेली असते ती तुमच्यासाठी दडवलेला खजिना नसते. भेसळीचं इंधन, घाटात भरलेली गाडी, भर उन्हाळा, उशिरा बदललेलं तेल, तुंबलेला फिल्टर, हे सगळं एकाच दिवशी आलं तरी इंजिन टिकावं म्हणून ती असते. २५० न्यूटन-मीटरचे ३२० केले म्हणजे २८ टक्के वाढ झाली, आणि ती पुढे क्लच आणि गिअरबॉक्सने झेलायची असते. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाच २५० न्यूटन-मीटर आहे. इंजिन सहन करेल कदाचित. गिअरबॉक्सला कोणी विचारलं?

ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रिकामं करणं यावर शब्द घालवत नाही. तो प्रदूषणाच्या नियमांचा भंग आहे, वॉरंटीचा प्रश्न फार पुढचा. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर तोच मुद्दा आडवा येऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा. नुसता एअर फिल्टर बदलणाऱ्यांनी घाबरू नये. तेल लावायच्या फिल्टरला बदाबदा तेल ओतू नका म्हणजे झालं, हवेच्या सेन्सरवर ते जाऊन बसतं.

राहिली ट्यूनरची ‘स्वतःची वॉरंटी’. तिची कागदं वाचलीत का? मी पाहिलेल्या बहुतेकांत ती त्यांच्या सॉफ्टवेअरची असते, तुमच्या इंजिनाची नाही. फाइल बिघडली तर फाइल पुन्हा टाकून देतील. खुद्द गाडी बनवणाऱ्याची मान्यता असलेले किट काही गाड्यांना मिळतात, डीलरकडून बसवलेले आणि वॉरंटीच्या कागदावर चढवलेले. ज्याला आत्ताच ताकद हवी त्याने ते आपल्या गाडीला आहेत का, हे आधी शोधावं. नसतील तर वॉरंटी संपेपर्यंत थांबावं, किंवा इंजिन-गिअरबॉक्सचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी ठेवून खुशाल करावं. मी अडवणार नाही. फक्त दोन्ही हातांत लाडू आहेत असं सांगू नका.

भाच्याला मी शनिवार रद्द कर असं म्हणालो नाही. म्हटलं, त्या ट्यूनरला एक मेसेज कर: ‘वॉरंटीच्या काळात इंजिन, टर्बो, क्लच किंवा गिअरबॉक्स तुमच्या फाइलमुळे गेला तर खर्च तुम्ही द्याल, हे लेटरहेडवर सहीशिक्क्यासह द्या.’ त्याने लगेच केला. निळ्या खुणा पाच मिनिटांत आल्या. उत्तर अजून आलेलं नाही, आणि शनिवारची अपॉइंटमेंट ‘मशीन बंद आहे’ म्हणून त्यांनीच पुढे ढकललीय.