उखळ : सांभाळून हाताळावे

पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांच्या छापील यादीत सोफ्याला रकाना असतो, दिवाणाला असतो, ट्रेडमिलला असतो, माशांच्या काचपेटीलासुद्धा असतो. चादरींना नसतो. यादी छापणारा माणूस सोलापूरचा नाही, एवढं तिथंच कळतं.

सोलापूरच्या घरात चादरी कुणी मुद्दाम आणत नाही, त्या येतात. लग्नात आहेरात येतात, वास्तुशांतीला येतात, सत्कारात श्रीफळासोबत येतात. आपणही त्या पुढं सरकवत असतो, पण येण्याचा वेग जाण्याच्या वेगाला कायम भारी पडतो. त्यातून माझ्या सासऱ्यांचा जन्म गिरणीत गेलेला. त्यामुळं आमच्याकडं दिवाणात चादरी, माळ्यावरच्या ट्रंकेत चादरी, आणि त्या ट्रंकेवर धूळ बसू नये म्हणून चादर.

नवऱ्याची पुण्याला बदली झाली. तो पुढं रुजू व्हायला गेला, म्हणजे सुटला. मागं उरलं बाळीवेशीजवळचं जुनं घर, मी आणि आई. आई म्हणजे सासूबाई. नवरा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करायचा. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की सामान आवरताना तीन ढीग करावेत : ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं. आईंनी मनापासून तीन ढीग केले. ठेवायचं, नीट ठेवायचं आणि नंतर बघू. नंतर बघूच्या ढिगात बंद पडलेला मिक्सर, दोन कंदील आणि नवऱ्याची बालवाडीतली पाटी होती. त्यानं पाटी टाका म्हटल्यावर आईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

दर विचारावेत म्हणून मी एका ठिकाणी माझा नंबर टाकला, आणि त्या दुपारपासून फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. बोलणारे सगळे हिंदीत, आणि सगळ्यांचीच सोलापुरात शाखा. मी परीक्षा ठेवली. "तुमचं ऑफिस सात रस्ता चौकाच्या अलीकडं की पलीकडं?" बहुतेक जण तिथंच गळाले. एक जण म्हणाला, "मॅडम, लोकेशन भेज दीजिए, सातों रास्ते से आ जाएंगे." त्याचा आत्मविश्वास मला आवडला, पण आगाऊ रक्कम त्यानं निम्मी मागितली. शेवटी ओळखीतून एक जण मिळाला. जीएसटी नंबर होता, बिल्टी म्हणजे मालाची पावती देत होता आणि सात रस्ता त्याला ठाऊक होता.

त्यांच्या ऑफिसातला मुलगा व्हिडिओवर घर बघून अंदाज देणार होता. मी फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. न्हाणीघरापाशी आल्यावर तो थबकला. "मॅडम, तुमचा काही व्यवसाय आहे का?"

त्याला पिंपं दिसली होती. सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. उजनी धरण कितीही भरलेलं असो, नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि घराची ऐपत पिंपांवरून कळते. आमच्याकडं निळी प्लास्टिकची पाच, एक पत्र्याचं, शिवाय हंडे, घागरी, टिपाडं आणि ज्या बादल्यांना कान नाहीत त्याही. मी म्हटलं, पिंपं नाही न्यायची, पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाणी रोज येतं.

"कोण म्हणतं?" आईंनी मागून विचारलं.

"बिल्डर म्हणतो."

आईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी त्या मुलालाच विचारलं, भाडं कशावर धरता, वजनावर की जागेवर? तो म्हणाला, जागेवर, घनफुटावर. "म्हणजे पिंप रिकामं नेलं काय आन् भरून नेलं काय, पैसा तेवढाच?" तो हो म्हणून गेला. त्या संध्याकाळपासून पिंपं भरू लागली. एकात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, कारण पुण्यातल्या ज्वारीची भाकरी म्हणे चिरते. एकात पितळी पातेली, फटींत चिंच कोंबून. एकाचं तोंड आईंनी सुतळीनं बांधलं होतं, त्यात काय आहे ते मला आजही माहीत नाही.

तारखेवरून एक संध्याकाळ गेली. उन्हाळ्यात शाळा संपलेल्या, त्यामुळं मे महिन्यात गाड्या मिळत नाहीत आणि महिनाअखेरीला तर विचारायचंच नाही. ऑफिसातल्या मुलानं एक तारीख सुचवली, त्या दिवशी दर एकदम उतरलेला. आईंनी कालनिर्णय उलटलं. अमावास्या. सोलापुरात अमावास्येला घर हलवणारं कुणी भेटत नाही, म्हणून गाड्या उभ्या राहतात, म्हणून दर पडतो. अर्थशास्त्र मला तिथं पहिल्यांदा नीट समजलं. वाचणारे पैसे मी आईंना आकड्यानं सांगितले. त्यांनी क्षणभर, अगदी क्षणभरच, विचार केला, हे मी स्वतः पाहिलं. मग आम्ही पंचमी घेतली.

त्यानंतर आली न चालणाऱ्या वस्तूंची यादी. भरलेला सिलिंडर नाही, रॉकेल नाही, ॲसिड नाही, तेल-तूप नाही, लोणची नाहीत, रोख-दागिने नाहीत, देव शक्यतो स्वतः न्यावेत. सिलिंडर आणि रेग्युलेटर मी एजन्सीत जमा करून कागद घेऊन आले, तो दाखवला की पुण्यात नवं कनेक्शन मिळतं. देवांचं ठरलेलंच होतं, ते आईंच्या मांडीवर बसून हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार होते. प्रश्न शेंगाच्या चटणीचा होता. कुटून तेल सुटलेली चटणी, डबा मोठा. ही कोरडी धरायची की तेलात? ऑफिसातल्या मुलानं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. साहेबांचं उत्तर अजून यायचंय. डबा देवांसोबत आला.

विम्याचं प्रकरणही आईंनीच हाताळलं. सामानाची किंमत आपण लिहून द्यायची, तिच्या तीन टक्के हप्ता, वर अठरा टक्के जीएसटी. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांना विमा लागू नाही, हे बारीक अक्षरात. म्हणजे पिंपं उघड्यावरच पडली. आईंनी पितळेला आजचा भाव लावला, सागवानी पाटाला उद्याचा, आणि माझ्या लॅपटॉपसमोर लिहिलं : जुना.

ठरल्या दिवशी सकाळी पोरं आली. ऊन आठलाच चटके देत होतं. आयशर गल्लीच्या तोंडाशीच अडली, आत येणं शक्यच नव्हतं. मग एक छोटा हत्ती बोलावला, तो घरापासून आयशरपर्यंत सामान पोचवणार, त्याचे पैसे वेगळे. गल्लीतल्या प्रत्येक बाप्यानं गाडी मागं घ्यायला हात केला. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, थांब की बे!" अशा वेळी थांब हे नेहमी कट्ट्याला लागल्यावरच का येतं, कुणास ठाऊक.

मुकादम पन्नाशीचा, शांत, कानावर पेन. त्यानं यादी करायला घेतली. प्रत्येक नगावर चिकटपट्टी, तिच्यावर नंबर, आणि वहीत नंबरापुढं नाव आणि खुणेची अक्षरं. आई त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांच्या लग्नातल्या लोखंडी कपाटापुढं लिहिलं होतं : जु. ओ. पो.

"हे काय ओ?"

"जुनं, ओरखडे, पोचा."

"पोचा कुठाय?"

मुकादम म्हणाला, "काकू, तसं सगळ्यांच्याच सामानाला लिहितो. नव्या फ्रिजलापण लिहितो. मागनं भांडण नको." म्हणजे प्रवासात काही आदळलं तर आधीपासूनच होतं असं म्हणायची सोय. धंद्याची रीतच ती. मी म्हटलं जाऊ द्या आई, पण आईंनी त्याला कपाटाभोवती फिरवलं. चारी बाजूंनी. दार उघडून आतूनसुद्धा. जुनं? मान्य. ओरखडे? दोन, दिवाळीच्या सफाईतले, मान्य. पोचा? दाखवा. मुकादमानं शेवटी पो. वर काट मारली. "सही करा तिथं," आई म्हणाल्या. त्यानं काट मारल्याची सही केली. बत्तीस वर्षं रेशनच्या दुकानाशी व्यवहार केलेल्या बाईसमोर तो कोवळाच होता.

तिकडं स्वयंपाकघरात सगळ्यात धाकटा पोरगा उखळापाशी बसला होता. काळ्या दगडाचं उखळ, दोघांनी मिळून जेमतेम जागचं हलेल असं. त्याला शिकवलेलं असणार की दगड, काच, चिनीमाती सगळं बबल रॅपमध्ये. नव्या नवरीला शालू नेसवावा तसा तो उखळाला बबल रॅप नेसवत होता, निऱ्या घालून. वर खाकी पुठ्ठा, त्यावर टेपचे वेढे, आणि शेवटी त्यानं लाल स्टिकर लावला : नाजूक वस्तू, सांभाळून हाताळावे. बाजूला काचेच्या ग्लासांचं खोकं उघडंच होतं. त्यावर दुसरा पोरगा बसून पाणी पीत होता.

दुपारी दिवाण उघडला आणि काम थांबलं. चादरी. सर्वेक्षणात त्या बेडशीट, नग सहा अशा आल्या होत्या. मुकादमानं एक उचलली. बोटांत किनार चिमटून पाहिली, तळहातावर तोलली, उलटी केली. दोन्ही बाजूंनी मोरपंख, एकीकडं जिथं रंग तिथं दुसरीकडं जमीन. "जेकार्डची. सूत बघा की काकू, असं आता येत नाही." तो पूर्व भागातला, म्हणजे सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीतला. वडिलांचे घरातच माग होते, झोपायचं मागांच्या आवाजात. माग बंद पडले, भंगारात गेले, आणि हा खोकी बांधायला लागला. हे त्यानं दुसऱ्याच कुणाचं सांगावं असं सांगितलं. मग आई आणि तो ट्रंकेपाशी बसले. ही कधीची, ती कुणाकडची, हा रंग जातो, तो नाही जात. पोरं भिंतीला टेकून मोबाइल बघू लागली. मी नवऱ्याला कळवलं की काम वेगात चालू आहे.

त्यातून निघालं ते मात्र कामाचं होतं. आई म्हणाल्या, चादरी न्यायच्याच आहेत, तर त्यांच्यातच सामान बांधा, प्लास्टिक कशाला? मुकादमाला पटलं. टीव्ही चादरीत गेला, आरसा दोन चादरींत, शिलाई मशीन तिघींत. बबल रॅपचे दोन रोल शिल्लक राहिले. बिलात ते तसेच होते. कुणाचं उखळ पांढरं झालं, ते तिथं कळलं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा सगळं स्वयंपाकघर सीलबंद. आईंनी पोरांना उपाशी ठेवायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्यांनी शेगडी देऊ केली, तवा पण देऊ केला. "दुसऱ्याच्या तव्यावर माझी भाकरी फुगत नाही." झालं. नग चौदा फोडा. तवा नग चौदात नव्हता. नग सतरा फोडा. तिथं काठवट सापडली, तवा नाही. पोरांनी सकाळभर लावलेली टेप पोरांनीच दातानं काढली, आणि मग भाकरी, शेंगाची आमटी आणि कांदा खाऊन पुन्हा तीच खोकी बांधली. मुकादमानं नंबर तेच ठेवले, आतला माल मात्र फिरला. म्हणूनच पुण्यात चहाची गाळणी बुटांच्या खोक्यात निघाली.

निघताना मुकादमानं यादीची प्रत ड्रायव्हरकडं दिली. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण वाटेत कुणी अडवलं तर यादी दाखवावी लागते. पुढं अडीचशे किलोमीटर. नवरा रात्रभर फोनवरून गाडी शोधत होता. मोहोळला होती, टेंभुर्णीला होती, मग ड्रायव्हरचा फोन बंद. नवऱ्यानं इंदापूरच्या पुढच्या सगळ्या शक्यता मला पहाटेपर्यंत समजावून सांगितल्या. ड्रायव्हर झोपला होता.

पुण्याच्या सोसायटीत सामान चढवायची वेळ ठरलेली, लिफ्टची अनामत वेगळी. वॉचमननं पिंपं मोजून इंटरकॉमवर कुणालातरी कळवली. सगळं वर आल्यावर मुकादमानं छापील कागद पुढं केला : सर्व सामान सुस्थितीत मिळाले. सही.

"उघडल्याशिवाय सुस्थितीत कसं?" म्हणून आईंनी एकेक नग उघडायला लावला. उखळ सुखरूप होतं, ग्लाससुद्धा वाचले होते. कपाटावरची चादर सोडली, तर डाव्या अंगाला पोचा. ताजा, वाटीएवढा.

मुकादमानं सवयीनं वही उघडली, आणि त्याला स्वतःची सही दिसली.

क्लेम लावायचा तर फॉर्म, फोटो, ऑफिस, महिनाभर फोन. मुकादमानं डोकं खाजवलं. मग धाकट्याला म्हणाला, "मुसळ काढ बे." कपाट आडवं केलं, चादरीची घडी आतून लावली, आणि मुसळानं हळूहळू ठोकत पत्रा बाहेर आणायला घेतला. आई बाहेरून तळहात लावून सांगत होत्या, अजून, अजून, बास. एवढ्यात वॉचमन वर आला. दुपारी दोन ते चार आवाज करायला मनाई होती. आईंनी त्याला चटणी-भाकरी देऊन खाली बसवलं.

पत्रा सपाट झाला. थोडं पोट राहिलं, पण ते माहितगारालाच दिसेल. आईंनी चष्मा लावला, मुकादमाचं पेन घेतलं आणि सुस्थितीत मिळालेच्या खाली सावकाश लिहिलं : कपाटास पोचा पडला होता, काढून घेतला. मग सही केली.

"काकू, हे ऑफिसात कसं दाखवू?"

"दाखव की. खरं तेच लिहिलंय."