घर विकताय? काम कोणी केलं तेही लिहून द्या

घर विकायला काढायचं म्हणजे आधी रंग, मग बाथरूमच्या टाइल्स, जमलं तर हॉलला पीओपी. ही रीत पुण्यात आहे तशीच इथे कॅलिफोर्नियात, सॅक्रॅमेंटोतही आहे. विकण्यापुरतं उरकलेलं काम कच्चं निघणंही दोन्हीकडे आहे. कोथरूडचा सासरचा फ्लॅट विकायचं ठरल्यापासून घरात वाद चालू आहे. दीर म्हणतात, "वहिनी, तुमच्याकडे बरंय, कंत्राटदारावर सरकारचा वचक आहे. इथे कुणी वाली नाही." सासऱ्यांचं म्हणणं उलट: कंत्राटदारांच्या परवान्याची भानगड पुण्यात आणली, तर काम राहील बाजूला आणि परवाने काढून देण्याचाच धंदा सुरू होईल. मला दोन्ही मतं अर्धी अर्धी पटतात.

आम्ही इथे एका मित्राबरोबर एक जुनं घर घेतलं होतं, दुरुस्त करून विकायचं म्हणून. कंत्राटदार रीतसर परवाना असलेला. काम दिसायला देखणं झालं. खरेदीदाराने आणलेल्या तपासनिसाने शॉवरच्या जमिनीवर पाणी सोडलं, तर ते जाळीकडे न जाता समोरच्या कोपऱ्यात जाऊन साचलं. ढाळच उलटा होता. मग तो माळ्यावर चढला. बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर काढायची असते, ती माळ्यातच सोडून दिलेली. आंघोळीची सगळी वाफ तिथेच कोंडत होती, वाशांवर काळे ठिपके धरले होते. कंत्राटदाराचं म्हणणं एकच, शेवटचा हप्ता द्या, मग बघू.

परवाना त्याच्याकडे होता, तरी काम असं झालं. इथलं कंत्राटदार परवाना मंडळ १९२९ पासून आहे. परवान्यासाठी २५,००० डॉलरची हमी द्यावी लागते, पण ती सगळ्या तक्रारदारांत मिळून एकच. शिवाय विनापरवाना, स्वस्तात काम करून देणारेही भरपूर आहेत. एक जाच तर आपल्याकडे मी ऐकलेलाही नाही: तुम्ही कंत्राटदाराचे सगळे पैसे चुकते केलेत, पण त्याने टाइलवाल्याचे किंवा हाताखालच्या प्लंबरचे बुडवले, तर तो टाइलवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. म्हणून दर हप्त्याला त्या सगळ्यांकडून हक्क सोडल्याचा कागद घ्यावा लागतो. तेव्हा "तिकडे सगळं आलबेल" असं मी कुणालाच सांगणार नाही.

आमचं काम शेवटी झालं ते तीन गोष्टींमुळे. पहिली, आमच्याकडे अडकलेली रक्कम. घरदुरुस्तीच्या करारात कंत्राटदाराला सुरुवातीला एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल, त्याहून जास्त आगाऊ घेता येत नाही. पुढचे हप्तेही जेवढं काम झालं तेवढ्याचेच. त्यामुळे काम अर्धवट असताना दोरी मालकाच्या हातात राहते. दुसरी गोष्ट, मंडळाकडे केलेली लेखी तक्रार. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून इथे नियम आहे की, घर घेतल्यापासून १८ महिन्यांच्या आत विकत असाल, तर मधल्या काळात कंत्राटदाराकडून काय काय करून घेतलं, ते कोणी केलं, परवानगी काढली होती का, हे खरेदीदाराला लिहून द्यायचं. त्या कागदावर आमच्या कंत्राटदाराचं नाव जाणार होतं. तो आला, जमीन फोडली, ढाळ नीट काढला, जाळीला बूच लावून रात्रभर पाणी कोंडून दाखवलं आणि पंख्याची नळी छपराबाहेर काढली.

आता कोथरूड. लोकांना वाटतं रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचा कायदा, आहे ना. रेरा बिल्डरला पकडतो: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर त्याने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण तीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये तुम्ही लावलेला मिस्त्री त्यात येत नाही. ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, कारण बांधकाम ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं. पण तक्रार उभी राहायला कागद हवा, आणि आपल्याकडे ठरतं ते असं: निम्मे पैसे आधी, रोख, "बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वरती". मग आयोगापुढे दाखवणार काय?

आणि फ्लॅटचं दुखणं बंगल्यापेक्षा वाईट. नाहणी ट्रॅपभोवतीचं, म्हणजे बाथरूमचं पाणी जायच्या जाळीभोवतीचं, वॉटरप्रूफिंग फसलं, तर ओल खालच्याच्या छताला येते. विकणारा पुट्टी मारून, रंग देऊन मोकळा होतो. खालच्या मजल्यावरचे काका पोपडे दाखवायला येतात ते नव्या मालकाकडे. फ्लॅटमधल्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदांनी करायचा, हे सोसायटीच्या उपविधीत आहेच. म्हणजे ज्याने टाइल्स फोडायला लावल्या नाहीत, ज्याने मिस्त्री पाहिलाही नाही, तो भरतो. याचा मला मनापासून राग येतो.

कायदा नाही असं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम ५५ मध्ये, सहज दिसणार नाही असा दोष ठाऊक असेल तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे, असं म्हटलंय. पण त्याला ना नमुना, ना रकाना. विक्रीच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, काढून बघा: क्षेत्रफळ, मोबदला, मुद्रांक शुल्क, सगळं आहे, घराच्या अवस्थेबद्दल अक्षर नाही.

म्हणून मला परवाने नकोत, सासऱ्यांची भीती खरी आहे. पण नोंद हवी, आणि त्यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही. दुरुस्ती काढायच्या आधी आपण सोसायटीकडे अर्ज देतो, बहुतेक ठिकाणी डिपॉझिटही भरतो. त्या अर्जात कंत्राटदाराचं नाव, कामाचं स्वरूप आणि बाथरूम फोडलं असेल तर चोवीस तास पाणी कोंडल्याची, खालच्या सभासदाच्या सहीची नोंद, एवढं जोडा. ती सही आल्याशिवाय डिपॉझिट परत नाही. फ्लॅट विकताना ना-हरकत पत्रासोबत त्या फाइलची प्रत नव्या मालकाला द्या.

दिरांनी हे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी लेखी दिलंय. एका सभासदाने लगेच हरकत घेतली की, असले कागद दाखवले तर सगळ्यांच्याच फ्लॅटचे भाव पडतील. ज्याचं काम चोख आहे त्याचा भाव पडणार नाही, उलट त्याला दोन पैसे जास्त मागता येतील. पडेल तो रंगाखाली ओल लपवलेल्या फ्लॅटचा, आणि तो पडायलाच हवा.